मध्यम तिखट मिरची: निवडण्यापासून तर्रीपर्यंत

लवंगी मिरचीचं तिखट चार माणसांच्या रश्श्याला अर्धा चमचा पुरतं. तेवढ्याने जीभ पोळते खरी, पण रस्सा फिकट दिसतो, अंगाने पातळ राहतो आणि मिरचीची चव म्हणून काही त्यात सापडत नाही. तोच रस्सा ब्याडगी-संकेश्वरीच्या तिखटाने केला तर तीन चमचेही सहज खपतात. मग रंग येतो, दाटपणा येतो, किंचित गोडसर वास येतो. मध्यम तिखट मिरचीचं मोल यातच आहे की ती भरपूर घालता येते. पुढे निवडण्या-वाळवण्यापासून फोडणीपर्यंत जे काही सांगितलं आहे, ते हे भरपूर घातलेलं तिखट जळू नये, कडू होऊ नये आणि वाया जाऊ नये यासाठी.

तिखटपणा, रंग आणि वास

या तीन गोष्टी आपण एकत्र मोजतो आणि तिथेच फसतो. तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे येतो. लाल रंग मुख्यतः कॅप्सॅन्थिन या रंगद्रव्याचा. वास आणखी वेगळ्या द्रव्यांचा. म्हणून गडद लाल मिरची जहाल असेलच असं नाही, आणि फिकट दिसणारी गरीब असेल याची खात्री नाही. ब्याडगी हे ठळक उदाहरण. रंग रक्तासारखा, तिखटपणा बेताचा.

तिखटपणा मोजायचं स्कोव्हिल हे माप विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने 1912 मध्ये बसवलं. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पातळ केला म्हणजे चाखणाऱ्याला तिखट लागेनासा होतो, यावर ते बेतलेलं होतं. आता हे मोजमाप यंत्रावर होतं. काश्मिरी मिरची साधारण 1,000 ते 2,000, ब्याडगी 8,000 ते 15,000 आणि गुंटूर सन्नम 35,000 ते 40,000 असे आकडे व्यापारात सांगितले जातात. हे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. पाण्याची ओढ बसलेल्या झाडाची मिरची जास्त तिखट निघते, आणि एकाच पोत्यातल्या दोन मिरच्यांतही फरक असतो. स्वयंपाकाला एवढा क्रम लक्षात ठेवला तरी पुरे.

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो हा समज पक्का आहे आणि चुकीचा आहे. कॅप्सेसिन तयार होतं ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढरट गाभ्यात आणि शिरांत. बियांना ते नुसतं माखलेलं असतं. म्हणून तिखटपणा कमी करायचा असेल तर बिया झटकून भागत नाही, सुरीच्या टोकाने गाभा खरवडून काढावा लागतो. हा गाभा देठाकडे जास्त असतो. मिरचीचं टोक चावून "काही तिखट नाही" असा निकाल देणारा माणूस पुढे देठाकडच्या घासाला फसतो. चाखायची तर देठाजवळून चिमूटभर तुकडा घ्यावा.

कोणती मिरची घ्यायची

ब्याडगी हे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं गाव. तिथल्या बाजाराच्या नावाने मिरची ओळखली जाते, पण पिकते ती धारवाड, गदग, हावेरी अशा मोठ्या पट्ट्यात. 2011 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात दोन प्रकार मागावेत. डब्बी आखूड आणि फुगीर असते, रंगाला आणि वासाला उत्तम. कड्डी लांब, सडपातळ आणि कमी बियांची असते. वाटणाला डब्बी आणि पुडीला कड्डी अशी विभागणी केली तर पैसे योग्य जागी जातात, पण एकच घ्यायची असेल तर जी ताजी दिसेल ती घ्यावी.

संकेश्वरी बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरची. लांब, बारीक, ब्याडगीपेक्षा चांगलीच तिखट आणि लवंगीपेक्षा बरीच सोसवणारी. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याचा कणा हीच. गडहिंग्लजच्या बाजारात तिचे सौदे होतात. जवारी संकेश्वरीचं उत्पन्न कमी आणि भाव चढा, त्यामुळे त्याच नावाखाली संकरित मिरची सर्रास विकली जाते. भाव संशयास्पद स्वस्त असेल तर नावावर जाऊ नये.

गोव्यात काणकोण तालुक्यातल्या खोला गावची मिरची याच मधल्या पट्टीतली, रंगाला झगझगीत. तिलाही भौगोलिक मानांकन आहे. "काश्मिरी" म्हणून दुकानात मिळणारी बरीच मिरची काश्मीरची नसते. ती रंगासाठीच घ्यायची असल्याने फार बिघडत नाही, फक्त त्या नावाचा जादा भाव देऊ नये.

हिरव्या मिरचीत ज्वाला ही ओळखीची. फिकट पोपटी, सुरकुतलेली, टोकाकडे वळलेली. कोवळी असताना मध्यम, जून झाली की बरीच तिखट. जाड सालीची, रुंद खांद्याची फिकट मिरची साधारण सौम्य आणि बारीक, गर्द हिरवी, टोकदार मिरची तिखट हा ठोकताळा दहातल्या सात वेळा खरा ठरतो. उरलेल्या तीन वेळांसाठी देठाकडचा तुकडा चाखावा.

परदेशात ब्याडगी मिळाली नाही तर मेक्सिकन दुकानातली ग्वाहिलो मिरची तिच्या बरीच जवळ जाते. पूडच हवी असेल तर तीन भाग गोड पॅप्रिका आणि एक भाग केयेन. रंग आणि तिखटपणा जुळतो. वासात मात्र तडजोड आहे.

सुकी मिरची पारखताना

नवा माल जानेवारीपासून बाजारात दिसू लागतो. वर्षाचं तिखट करायचं तर मार्च-एप्रिल उत्तम, कारण माल नवा असतो आणि ऊनही कडक मिळतं. शीतगृहातली गेल्या वर्षीची मिरचीही याच वेळी शेजारच्या पोत्यात असते. तिचा लाल रंग तपकिरीकडे झुकलेला असतो आणि सालीवरची चमक गेलेली असते.

मूठभर मिरची दाबून पाहावी. खुळखुळ वाजली आणि मूठ सोडल्यावर पुन्हा फुलली तर माल नीट वाळलेला आहे. मऊ, गप्प बसली तर तीत ओल आहे. वजन वाढवायला पाणी मारलेली मिरची अशीच लागते. तिचे पैसे तर जातातच, शिवाय घरी आणून दोन दिवस पिशवीत ठेवली की आत बुरशी धरते. दोन-तीन मिरच्या उभ्या फाडून बघायला दुकानदाराने ना म्हटलं तर दुसरं दुकान गाठावं. आत राखी किंवा काळसर भुकटी दिसली म्हणजे बुरशी. ती भाजून किंवा उन्हात टाकून "शुद्ध" होत नाही, फेकूनच द्यावी लागते. पांढरट पडलेल्या मिरच्यांना व्यापारात फटकी म्हणतात. किलोत चार-पाच निघाल्या तर निवडून टाकाव्यात, मूठभर निघाल्या तर तो माल घेऊ नये.

तयार पुडीसाठी एक सोपी परीक्षा. काचेच्या ग्लासभर पाण्यावर चिमूटभर तिखट अलगद भुरभुरावं. पूड सावकाश खाली जाईल. पण रंगाच्या लाल रेघा धाग्यांसारख्या खाली ओघळू लागल्या तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग मिसळलेला आहे. मिरचीचा स्वतःचा रंग तेलात उतरतो, पाण्यात असा धावत नाही.

वर्षाचं तिखट

मध्यम तिखटासाठी भरवशाचं प्रमाण असं. देठ काढून मोजलेली 500 ग्रॅम ब्याडगी, 350 ग्रॅम संकेश्वरी आणि 150 ग्रॅम गुंटूर किंवा लवंगी. घरात लहान मुलं असतील तर शेवटचे 150 ग्रॅम सोडून तेवढी ब्याडगी वाढवावी. देठांचं आणि कांडपातल्या उधळणीचं वजन धरून किलोभर पुडीसाठी सव्वा किलो मिरची आणावी.

मिरची आधी दोन दिवस कडक उन्हात द्यावी, देठ नंतर खुडावेत. उलटं केलं तर देठाच्या भोकातून बिया सांडत राहतात आणि मिरची मऊ असल्याने देठाबरोबर सालही फाटते. देठ पुडीत गेले तर रंग मळकट होतो आणि चवीला गवताळपणा येतो, म्हणून हे कंटाळवाणं काम टाळू नये. हातांना आधी खोबरेल लावावं. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात नाही. म्हणून काम झाल्यावर थेट पाण्याने हात धुतले तर आग पसरते. आधी पुन्हा तेल चोळायचं, मग साबण.

देठ काढल्यावर आणखी एक दिवस ऊन. मिरची हाताने मोडली की कट्कन तुटली पाहिजे. वाकली तर कांडायला नेऊ नये. ओलसर मिरची जात्यात किंवा डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्रावर, चिकटते, तापते, आणि पूड भरणीत दोन महिन्यांत गोळा होते. ऊन मिळत नसेल तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आंचेवर, एका वेळी पाव किलो, पाच-सहा मिनिटं परतावी. हे भाजणं नव्हे, नुसतं ओल घालवणं आहे. थेंबभर तेल टाकलं की खकाणा कमी उडतो. खिडक्या उघड्या हव्यात, आणि शेजाऱ्यांना आधी सांगितलं तर बरं.

डंक असेल तर डंकच गाठावा. कांडून केलेली पूड चक्कीच्या मानाने कमी तापते, त्यामुळे वास टिकतो. चक्कीवर जायचं तर आपल्या आधी काय दळलं ते विचारावं. हळदीनंतर दळलेलं तिखट केशरी होतं. पहिली मूठ-दोन मुठी पूड वेगळी काढून ठेवणं हा सोपा उपाय.

घरच्या मिक्सरवर करताना भांडं निम्म्याहून जास्त भरू नये. वीस-तीस सेकंद फिरवायचं, थांबायचं, पुन्हा फिरवायचं. सलग दोन मिनिटं फिरवलं की पूड गरम होते आणि तिला करपट वास लागतो. झाकण उघडण्याआधी पाच मिनिटं थांबावं, नाहीतर पहिला श्वासच ठसक्याचा. मग चाळावं. चाळणीत राहिलेला जाड भाग फेकू नये, चटणीला उत्तम.

आलेली पूड गरम असते. तशीच भरणीत भरली तर तिची वाफ आतच धरते. कागदावर पसरून दोन-तीन तास निवू द्यावी, मग किलोला दोन चमचे कच्चं शेंगदाण्याचं तेल चोळून भरावी. महिन्यापुरतं ओट्यावरच्या डब्यात आणि बाकीचं हवाबंद करून फ्रीजमध्ये ठेवावं. रंगाचा खरा वैरी उजेड. पारदर्शक बरणीतलं तिखट खिडकीपाशी महिनाभरात विटकं दिसू लागतं. भरणीत हिंगाचा खडा ठेवायची जुनी चाल आहे, पण झाकण घट्ट नसेल तर हिंगाने काही वाचत नाही.

तर्री आणि फोडणी

कडकडीत तेलात टाकलेलं तिखट चार-पाच सेकंदांत काळं पडतं. तिखटपणा उरतो, रंग जातो, कडूपणा येतो. मध्यम तिखट जास्त घालायचं असल्याने हे नुकसानही जास्त. म्हणून दोनच पद्धती.

पहिली साध्या फोडणीची. मोहरी, जिरं, हिंग झाल्यावर गॅस बंद करावा, अर्धा मिनिट थांबून तिखट घालावं, एकदा ढवळावं आणि लगेच भाजी किंवा पाणी. तिखट पडल्यावर बारीक फेस यावा. धूर आला तर तेल जास्त तापलेलं होतं.

दुसरी तर्रीची. चार माणसांच्या मिसळीच्या कटासाठी चार मोठे चमचे तेल आणि दोन मोठे चमचे तिखट. तिखट आधी तीन चमचे पाण्यात कालवून लगदा करावा. कांदा, आलं-लसूण, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण तेलात परतून झालं की आंच मंद करून हा लगदा घालायचा. पाणी आटेपर्यंत मसाला करपत नाही, आणि तेवढ्या वेळात रंग तेलात उतरतो. तीन-चार मिनिटांत कडेने तेल सुटतं. इथे घाई केली की कच्च्या तिखटाचा घशाला लागणारा वास शेवटपर्यंत राहतो. मग चार वाट्या उकळतं पाणी. गार पाणी ओतलं तर उकळी मोडते आणि तर्री वर यायला उशीर लागतो. दहा मिनिटं मंद उकळून गॅस बंद करावा आणि पाच मिनिटं हात लावू नये. तर्री तेव्हा वर जमते. तेल कमी घातलं तर तर्री येणार नाही. रंगाला उतरायला तेलच लागतं, त्यात दुसरी युक्ती नाही.

भिजवून वाटलेली मिरची

मटणाच्या रश्श्याला, माशाच्या आमटीला पुडीपेक्षा वाटण सरस ठरतं. 20 ग्रॅम ब्याडगी घ्यावी. देठ काढून, बिया झटकून, कोरड्या तव्यावर मंद आंचेवर प्रत्येक बाजू दहा-पंधरा सेकंद. फुगली, वास सुटला की उतरवावी. काळे ठिपके पडेपर्यंत थांबलात तर सगळं वाटण कडू होईल. एक जळलेली मिरचीही पुरते. मग वाटीभर गरम पाण्यात अर्धा तास. उकळतं पाणी नको, साल वेगळी होऊन तरंगते.

भिजवलेलं पाणी चाखावं. गोडसर असेल तर त्यातच वाटावं, कडवट असेल तर ओतून द्यावं. ब्याडगीची साल चिवट असते, म्हणून आधी निम्म्याच पाण्यात दोन मिनिटं वाटून मग उरलेलं घालावं. तरी साल दाताखाली येत असेल तर चाळणीतून दाबून काढावं. हे वाटण तेलात आठ-दहा मिनिटं परतल्याशिवाय पुढचं पाणी घालू नये.

गोव्याच्या रेशाद मसाल्यात पाण्याऐवजी व्हिनेगरमध्ये मिरची भिजवून वाटतात. त्यामुळे रंग तजेलदार राहतो आणि कोरडा चमचा वापरला तर मसाला फ्रीजमध्ये आठवडेच्या आठवडे टिकतो. पाण्यात वाटलेलं तीन दिवसांत संपवावं.

हिरव्या मिरचीची दोन कामं

ठेच्याला मध्यम मिरची वापरली तर तो चवीपुरता न खाता भाकरीबरोबर खाता येतो. 150 ग्रॅम मिरच्या, दहा लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, दोन चमचे शेंगदाणे, दोन चमचे तेल, चमचाभर जाडं मीठ. प्रत्येक मिरची मध्ये मोडून घ्यावी. अख्खी टाकली तर वाफ कोंडून फुटते आणि तेल तोंडावर उडतं. लोखंडी तव्यावर तेलात मिरची आधी, पांढरे-तपकिरी डाग पडले की लसूण, शेवटी जिरं आणि भाजलेले दाणे. लसूण आधी टाकला तर मिरची होईपर्यंत तो जळतो. मग तव्यावरच वाटीच्या बुडाने किंवा खलबत्त्यात ठेचावं. मिक्सरमध्ये त्याची चटणी होते. वाईट नसते, पण तो ठेचा नव्हे.

दुसरं काम दह्यातली सांडगी मिरची. जाडसर, मध्यम तिखट, अर्धा किलो. धुऊन पूर्ण कोरडी करावी, पाण्याचा थेंबही राहू नये. देठ ठेवून एका बाजूने चीर द्यावी. 50 ग्रॅम धने, 15 ग्रॅम मेथी, 10 ग्रॅम जिरं थोड्या तेलात वेगवेगळं परतून भरडावं. मेथी गुलाबीपुढे गेली की कडू. चमचाभर हिंग, 40 ग्रॅम मीठ आणि मावेल एवढंच आंबट दही घालून सारण घट्ट ठेवावं. मिरच्या भरून रात्रभर झाकाव्यात. सकाळी उन्हात, संध्याकाळी उरलेल्या दह्यात पुन्हा घोळवून घरात, असं दही संपेपर्यंत दोन-तीन दिवस. नंतर नुसतं ऊन, मिरची हलवली की खुळखुळेपर्यंत. देठाशी ओल राहिली तर बुरशी तिथूनच सुरू होते, म्हणून शेवटच्या दिवशी देठ दाबून बघावेत. तळताना तेल मध्यम तापलेलं हवं. अर्ध्या मिनिटात गडद तपकिरी झाली की काढायची, बाहेर तिचा रंग आणखी चढतो.

हात चुकला तर

रस्सा तिखट झाला की बटाटा टाकायचा सल्ला सगळे देतात. बटाटा फार तर थोडा रस्सा शोषतो, उरलेल्या रश्श्याचा तिखटपणा होता तेवढाच राहतो. खरा उपाय म्हणजे पदार्थ वाढवणं आणि स्निग्धांश घालणं. नारळाचं दूध, दाण्याचं कूट, खोबऱ्याचं वाटण, तूप. गूळ आणि कोकम तिखटाला दाबतात, पण चव बदलतात, तेव्हा सुपारीएवढ्यापासून सुरुवात करावी. कडू झालेल्या रश्श्याला मात्र उपाय नाही. जळलेला मसाला लपत नाही, तेल-कांद्यापासून पुन्हा सुरू करणं स्वस्त पडतं.

तोंड पोळलं तर पाण्याने आग विझत नाही, तोंडभर पसरते. दूध, दही, ताक चालतं, कारण दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. सोलकढीही त्यासाठी चांगली, नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो. डोळ्यात हात गेला तर भरपूर गार पाण्याने धुवत राहावं आणि चोळू नये. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी मिरची निवडायला बसण्याआधी त्या काढून ठेवाव्यात, आणि रात्रीपर्यंत पुन्हा हात लावू नये.